दूरच्या तेजोमेघांचे फोटो: सुरुवात कशी करायची आणि अडलं तर कुठे पाहायचं

चंद्राचा फोटो मोबाइलवरही बरा येतो. दीर्घिका, तेजोमेघ आणि तारकागुच्छ यांचं तसं नाही. ते फिकट असतात, म्हणून त्यांचा प्रकाश तासन् तास साठवावा लागतो. आणि आपण तो साठवत असताना आकाश फिरत असतं. या छंदातली जवळपास प्रत्येक कटकट या दोन गोष्टींतूनच निघते.

काही बिघडलं की नवखा माणूस आधी कॅमेऱ्यावर संशय घेतो. कॅमेरा क्वचितच दोषी असतो. फ्रेम १०० टक्के मोठी करा आणि ताऱ्यांकडे बघा. तारा इतका दूर असतो की आपल्या दुर्बिणीत तो बिंदूच दिसायला हवा. तो लांबट, त्रिकोणी किंवा फुगलेला दिसला तर बिघाड आपल्या बाजूचा आहे, आणि कुठला ते बहुतेक वेळा त्या आकारावरून कळतं. शेवटचे दोन भाग त्यावरच आहेत. आधीच अडकून बसलेल्यांनी सरळ तिथे जावं.

काय काय लागतं

- आकाशाच्या गतीने कॅमेरा किंवा दुर्बीण फिरवणारा इक्वेटोरियल माउंट किंवा छोटा स्टार ट्रॅकर, आणि न हलणारा ट्रायपॉड
- रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती) देणारा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा
- ५० ते २०० मिमीची लेन्स, किंवा ४०० मिमीच्या आतबाहेरची छोटी अपवर्तक दुर्बीण
- एकामागून एक एक्स्पोजर घेणारा टायमर (बऱ्याच कॅमेऱ्यांत तो असतोच)
- फोकस लावायला बाहतिनोव्ह मास्क
- दव बसू नये म्हणून लेन्सभोवती गुंडाळायचा हीटरचा पट्टा
- रात्रभर पुरेल अशी १२ व्होल्टची बॅटरी, जादा मेमरी कार्ड
- लाल दिव्याची डोक्याला लावायची बॅटरी, ॲलन कीचा संच, केबल बांधायला वेल्क्रोच्या पट्ट्या
- संगणकावर आकाशाच्या नकाशासाठी स्टेलॅरियम, तसंच सगळे फोटो एकावर एक रचून एक करायला (याला स्टॅकिंग म्हणतात) सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर. ही सगळी सॉफ्टवेअर फुकट आहेत

गायड कॅमेरा, थंड केलेला खगोल कॅमेरा आणि फिल्टर या यादीत मुद्दाम घातलेले नाहीत. गायड कॅमेरा आणि फिल्टर यांची गरज कधी पडते ते पुढे येईल.

१. आधी माउंट, मग बाकी सगळं

खगोलीय विषुववृत्ताजवळचा, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या सरळ वर आकाशात येणाऱ्या रेषेजवळचा, तारा दर सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतो. आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, आणि साठ आर्कसेकंदांचा एक आर्कमिनिट. हे पिक्सेलमध्ये किती होतं ते काढू. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा आणि मिलिमीटरमधल्या फोकल लेंथने भागा. एक पिक्सेल आकाशाचे किती आर्कसेकंद टिपतो ते मिळतं. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ४०० मिमीची दुर्बीण असेल तर उत्तर येतं १.९४. म्हणजे माउंट नसेल तर तारा एका सेकंदात सात-आठ पिक्सेल पळतो. नुसत्या ट्रायपॉडसाठी ‘५०० भागिले फोकल लेंथ’ इतके सेकंद हा जुना नियम आहे. आजच्या बारीक पिक्सेलला तो सैल पडतो, निम्माच वेळ धरा.

वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारे साधे गो-टू (सांगितलेल्या ताऱ्याकडे आपोआप वळणारे) माउंट तारा मधोमध धरून ठेवतात, पण फ्रेम हळूहळू त्या ताऱ्याभोवती फिरत राहते. दहा-वीस सेकंदांची एक्स्पोजर चालतात, त्यापुढे कोपरे वळायला लागतात. इक्वेटोरियल माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असल्यामुळे ही भानगड तिथे नसते.

माउंटवर लिहिलेली वजनाची मर्यादा डोळ्यांनी निरीक्षण करणाऱ्यांसाठी असते. फोटोसाठी तिच्या निम्मं, फार तर साठ टक्के धरा. पैसे मोजके असतील तर चांगला माउंट घेऊन त्यावर जुनी लेन्स लावा. मोठी दुर्बीण आणि लटपटता माउंट या जोडीने जितक्या लोकांचा हा छंद सुटतो, तितका ढगांमुळेही सुटत नसेल.

२. लक्ष्य मोठं आणि उजळ निवडा

पूर्ण चंद्र आकाशात अर्धा अंश व्यापतो. देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१, लांबीला सुमारे ३ अंश आहे. चंद्रासारखे सहा चंद्र ओळीने मावतील एवढी. मृगातला तेजोमेघ एम ४२ सुमारे १ अंशाचा. हंसातला नॉर्थ अमेरिका तेजोमेघ, धनू राशीतला लगून म्हणजे एम ८, कृत्तिका हे सगळे अंश-दोन अंशांचे. दक्षिणेकडे राहणाऱ्यांना करीना तेजोमेघ, ओमेगा सेंटॉरी आणि मॅजेलनचे मेघ आहेत. यातलं काहीही छोट्या लेन्समध्ये भरगच्च येतं.

याउलट स्वरमंडळातला रिंग नेब्युला, एम ५७. पुस्तकांत तो झकास दिसतो, पण जेमतेम दीड आर्कमिनिटाचा आहे. वरच्या ४०० मिमीच्या दुर्बिणीत तो चाळीस-एक पिक्सेल रुंद येईल. त्याच्यामागे लागायची घाई नको.

लक्ष्य ठरवलं की स्टेलॅरियममध्ये आपल्या सेन्सरची आणि फोकल लेंथची माहिती भरा. फ्रेमची चौकट आकाशावर दिसते. कॅमेरा आडवा हवा की उभा हे तिथेच ठरवून ठेवा.

३. रात्र कशी निवडायची

सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्याशिवाय आकाश पुरतं काळं होत नाही. उच्च अक्षांशावर उन्हाळ्यात ही वेळ काही आठवडे येतच नाही.

चंद्राचा दुसरा प्रश्न. दीर्घिका, कृत्तिकांभोवतीची निळी धूळ आणि अंधारे मेघ यांना अमावस्येच्या आसपासचे दिवस राखून ठेवा. लाल तेजोमेघ चंद्रप्रकाशातही जमतात, पण त्यांना अरुंद पट्ट्याचा फिल्टर लागतो. हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरला आणि ऑक्सिजनचा हिरवट-निळा ५००.७ ला येतो. ड्युअल-बँड फिल्टर फक्त हे दोन पट्टे आत घेतो आणि बाकीचा उजेड अडवतो.

इथे एक नेहमीचा सापळा आहे. हाच फिल्टर दीर्घिकांवर लावला की आकाशाबरोबर दीर्घिकाही अंधारते, कारण तिचा प्रकाश ताऱ्यांचा असतो आणि सगळ्या रंगांत पसरलेला असतो. दीर्घिकांना अंधाऱ्या जागेशिवाय उपाय नाही. जागा किती अंधारी हे सांगायला जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली नऊ पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. १ म्हणजे सर्वांत काळं आकाश, ९ म्हणजे शहराचा गाभा. चार-पाचच्या आकाशात एका तासात जे मिळतं, ते आठ-नऊच्या आकाशात कित्येक तास घालवूनही मिळत नाही.

आणि लक्ष्य ३० अंशांच्या वर चढू द्या. तीस अंशांवर त्याचा प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा दुप्पट हवेतून येतो.

४. मांडामांड उजेडातच

ट्रायपॉडचे पाय शक्य तितके कमी बाहेर काढा. उंच ट्रायपॉड आपल्या कमरेला सोयीचा असतो, ताऱ्यांना नाही. फरशीपेक्षा घट्ट माती बरी. लाकडी किंवा लोखंडी चबुतरा असेल तर चालू एक्स्पोजरमध्ये त्यावर पाऊल टाकू नका.

तोल साधताना कॅमेरा, हीटर, मास्कसुद्धा, जे जे रात्री लागणार ते सगळं चढवूनच साधा. दोन्ही अक्ष सैल सोडल्यावर दुर्बीण कुठेही ठेवली तरी तिथेच राहायला हवी. त्यानंतर पूर्वेची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे गिअरचे दात एकाच बाजूने टेकलेले राहतात.

केबल हा विषय कंटाळवाणा आहे आणि रात्री वाया घालवण्यात त्याचा हात मोठा आहे. सगळ्या वायरी एका जुडीत बांधा, माउंटच्या अक्षाजवळून खाली आणा आणि उजेडातच दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे पूर्ण फिरवून पाहा. कुठे ताण येतो ते तेव्हाच दिसेल.

५. ध्रुवाशी जुळवणी

माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखायचा. ध्रुव ताऱ्याकडे नव्हे. ध्रुव तारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशापेक्षा थोडा जास्त दूर आहे, म्हणजे चंद्राच्या रुंदीपेक्षाही जास्त. म्हणून माउंटच्या अक्षात बसवलेल्या छोट्या ध्रुव-दुर्बिणीत वर्तुळ दिलेलं असतं, आणि त्या वर्तुळावर तारा या क्षणी कुठे असायला हवा ते ॲप सांगतं. त्यात आपलं ठिकाण आणि वेळ बरोबर भरलेली आहे ना, हे पाहा. दक्षिण गोलार्धात ध्रुवाजवळचा तारा म्हणजे ऑक्टान्समधला सिग्मा, ५.४ प्रतीचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. तिथे कॅमेऱ्याने ध्रुवाजवळचे फोटो काढून चूक मोजणारं सॉफ्टवेअर फार सोयीचं पडतं. शार्पकॅप, निना यांत ती सोय आहे.

किती अचूक हवं? जुळवणीत ५ आर्कमिनिटांची चूक असेल तर तारा जास्तीत जास्त मिनिटाला सव्वा आर्कसेकंद भरकटतो. ४०० मिमीला दोन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये तो पिक्सेलभर सरकतो, म्हणजे चालतं. १००० मिमीला चालत नाही. छोट्या लेन्सवाल्यांनी या पायरीवर तासभर घालवू नये.

जुळवणी झाल्यावर स्क्रू घट्ट करताना अक्ष थोडा हलतोच. घट्ट केल्यावर पुन्हा एकदा पाहा.

६. फोकस

यावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण रात्रीतल्या बाकी बहुतेक चुका कमीजास्त प्रमाणात दुरुस्त होतात, हुकलेला फोकस होत नाही.

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. ऑटोफोकस आणि इमेज स्टॅबिलायझेशन बंद करा. उजळ तारा निवडा, लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करा, आणि ताऱ्याचा ठिपका सर्वांत छोटा होईपर्यंत रिंग फिरवा. मग पुढे बाहतिनोव्ह मास्क लावा. पाव्हेल बाहतिनोव्ह या रशियन हौशी निरीक्षकाने शोधलेली ही खाचांची चकती आहे. लेन्सपुढे धरली की ताऱ्याला तीन रेघा फुटतात. दोन रेघांची फुली होते आणि तिसरी त्यांच्यामधून जाते. फोकस एका बाजूला चुकला की मधली रेघ डावीकडे, दुसऱ्या बाजूला चुकला की उजवीकडे. ती फुलीच्या बरोबर मधून गेली की झालं. रेघा फिकट वाटत असतील तर लाइव्ह व्ह्यूवर नजर ताणण्यापेक्षा चार-पाच सेकंदांचं एक्स्पोजर घेऊन मोठं करून पाहा. मास्क काढायला विसरू नका, हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण आहे.

एफ ५ च्या दुर्बिणीत फोकस बरोबर असण्याची जागा सुमारे ०.०६ मिमी असते, म्हणजे केसाच्या जाडीएवढी. ४०० मिमी लांबीची ॲल्युमिनियमची नळी ५ अंशांनी थंड झाली की ०.०४६ मिमी आखडते. आता लक्षात येईल, संध्याकाळी नीट लावलेला फोकस मध्यरात्री का गेला. सुरुवातीला दर तासाला, किंवा तापमान दोन अंश उतरलं की फोकस पुन्हा तपासा. दुर्बीण बाहेर काढून अर्धा-पाऊण तास हवेच्या तापमानाला येऊ द्या, मगच पहिला फोकस लावा.

हीटर चालू करायची वेळही हीच. दव बसल्यावर चालू केला तर लेन्स कोरडी व्हायला बराच वेळ जातो, आणि पुसली तर डाग राहतात. काच हवेपेक्षा एक-दोन अंश गरम राहिली तरी पुरतं. पूर्ण जोरात चालवलात तर काचेवरची हवा हलते आणि तारे फुगतात.

७. कॅमेऱ्याची सेटिंग आणि एक्स्पोजर

रॉ, मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स डेलाइट. आयएसओ ८०० ते १६०० च्या दरम्यान. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद ठेवा. ते चालू असेल तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ डार्क, म्हणजे प्रकाश आत न घेता काढलेली, फ्रेम घेत बसतो आणि निम्मी रात्र फुकट जाते. एफ २.८ ची लेन्स एफ ४ वर आणली की कोपऱ्यातले तारे सुधारतात.

एक एक्स्पोजर किती लांब? कॅमेऱ्याच्या मागचा हिस्टोग्राम बघा. हा फोटोतल्या उजेडाचा आलेख, डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड. डोंगर डाव्या कडेपासून सुटून साधारण पाव ते एक-तृतीयांशावर आला की आकाशाच्या उजेडाने कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट झाकला गेला. त्याहून लांब एक्स्पोजर घेऊन फारसा फायदा नाही, उलट ताऱ्यांचे रंग जळतात आणि वाऱ्याची एक झुळूक आली तर गमावण्याजोगं जास्त असतं. उजळ आकाशात हे ३० सेकंदांतच होतं, अंधाऱ्यात तीन-चार मिनिटं लागतात.

एकूण वेळ मात्र जितका देता येईल तितका द्या. खऱ्या प्रकाशाचं गोंगाटाशी प्रमाण एकूण वेळेच्या वर्गमुळाने वाढतं. एक तासाचे चार केले की चित्र दुप्पट स्वच्छ होतं. ते आणखी दुप्पट करायचं तर सोळा तास. एका रात्रीत पाच लक्ष्यं उरकणाऱ्यांच्या हाती पाच गढूळ चित्रं येतात, त्याचं कारण हे गणित. एकच धरा, दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीही त्याच्यावरच या. चौकट हुबेहूब जुळवायला प्लेट सॉल्व्हिंग वापरा. सॉफ्टवेअर फोटोतले तारे ओळखून दुर्बीण नेमकी कुठे रोखली आहे ते सांगतं.

बाजारातला न बदललेला कॅमेरा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, कारण सेन्सरपुढचा फिल्टर तिथेच कापायला लागतो. म्हणून तुमचा नॉर्थ अमेरिका तेजोमेघ फिका गुलाबी आला तर चूक तुमची नाही. मृगातला तेजोमेघ, देवयानी, कृत्तिका आणि गोलाकार तारकागुच्छ अशा कॅमेऱ्याने उत्तम येतात. आधी ते करा, कॅमेरा बदलून घ्यायचा विचार नंतर.

८. गायडिंग: कधी आणि किती

२०० मिमीपर्यंत चांगल्या ट्रॅकरवर गायडिंगवाचून भागतं. त्यापुढे माउंटच्या गिअरमधली चूक दिसायला लागते. ही चूक ठरावीक मिनिटांनी परत परत येते. मग छोटी गायड दुर्बीण, तिच्यावर कॅमेरा, आणि पीएचडी २ हे फुकट सॉफ्टवेअर. ते एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सारखं रुळावर आणत राहतं.

गायड एक्स्पोजर दोन-तीन सेकंदांचं ठेवा. अर्ध्या सेकंदाचं ठेवलंत तर सॉफ्टवेअर हवेच्या थरथरीमागे धावतं आणि माउंट उगाच हलवतं. कॅलिब्रेशन, म्हणजे माउंट कुठल्या दिशेला किती सरकतो हे सॉफ्टवेअरला शिकवणं, खगोलीय विषुववृत्ताजवळ आणि मध्यमंडलाजवळ (उत्तर-दक्षिण डोक्यावरून जाणाऱ्या रेषेजवळ) करा. ध्रुवाजवळ केलेलं फसतं. आलेखावरची एकूण आरएमएस (साधारण सरासरी) चूक तुमच्या मुख्य कॅमेऱ्याच्या पिक्सेलपेक्षा कमी असेल तर पुढे चला. १.९४ आर्कसेकंदाच्या पिक्सेलला १ आर्कसेकंदाची चूक अगदी पुरेशी आहे. आलेख ०.५ वर आणायच्या नादात सेटिंग बदलत बसलेली मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांचे आलेख सुंदर असतात, फोटो मोजके.

गायडिंग असेल तर डिथरिंग चालू कराच. दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण मुद्दाम काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवायची. खराब पिक्सेल मग प्रत्येक फ्रेममध्ये ताऱ्यांच्या संदर्भात वेगळ्या जागी पडतात आणि स्टॅकिंगमध्ये गळून जातात. गायडिंग नसेल तर दहा-पंधरा फ्रेमनंतर हाताने थोडं सरकवा.

९. डार्क, फ्लॅट, बायस

डार्क म्हणजे झाकण लावून घेतलेली फ्रेम. तोच वेळ, तोच आयएसओ, तेच तापमान. सेन्सरची उष्ण गळती साधारण दर ६ अंशांनी दुप्पट होते, म्हणून उबदार खोलीत काढलेले डार्क थंड रात्रीच्या फोटोंना लागू पडत नाहीत. लक्ष्य मावळल्यावर तिथेच काढा, वीस-तीस पुरे.

बायस म्हणजे झाकण लावून कॅमेऱ्याचा सर्वांत कमी वेळ. पाच मिनिटांत उरकतात.

फ्लॅट मात्र टाळू नका. कोपऱ्यांचा अंधार आणि सेन्सरवरच्या धुळीचे गोल ठिपके फक्त फ्लॅटनेच जातात. लेन्सवर पांढरं कापड ताणून बसवा, त्यावर टॅब्लेटचा पांढरा पडदा किंवा पहाटेचं आकाश धरा, आणि हिस्टोग्रामचा डोंगर मध्याच्या जरा डावीकडे येईल असं एक्स्पोजर घ्या. अट एकच आणि ती कडक आहे: रात्रीच्या फोटोंनंतर कॅमेरा फिरवायचा नाही, फोकस हलवायचा नाही. म्हणून सामान आवरण्याआधी फ्लॅट काढा.

१०. स्टॅकिंग आणि पुढचं काम

आधी सगळ्या फ्रेम एकेक करून पाहा आणि ढगाच्या, हललेल्या, दव बसलेल्या बाजूला काढा. जीव तुटतो, पण काढा. उपग्रहाची किंवा विमानाची रेघ असलेली फ्रेम टाकू नका. पंधरा-वीस फ्रेम असल्या तर सिग्मा क्लिपिंग, म्हणजे बाकीच्या फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल गाळणारी पद्धत, ती रेघ पुसून टाकतं.

सिरिलच्या तयार स्क्रिप्टला फोल्डरची नावं ठरलेलीच लागतात: lights (आकाशाचे फोटो), darks, flats, biases, इंग्रजी लहान लिपीत आणि अनेकवचनी. नवख्यांची स्क्रिप्ट पहिल्याच ओळीत बंद पडते ती बहुधा इथे.

स्टॅक तयार झाला की पडदा काळाकुट्ट दिसेल, फार तर चार तारे. घाबरू नका, माहिती आत आहे. खालच्या पट्टीत ऑटोस्ट्रेच निवडा. स्ट्रेच म्हणजे फिकट भाग उजळवून दिसतील असे करणं. आता चित्र हिरवं दिसेल. तेही ठीक, सेन्सरवर हिरवे पिक्सेल दुप्पट असतात. पुढचा क्रम असा:

- कडा कापा. डिथरिंगमुळे तिथे कमी फ्रेम पडलेल्या असतात
- पार्श्वभूमीचा उतार काढा, सिरिलमध्ये किंवा ग्रॅक्सपर्टमध्ये. नमुन्याचे चौकोन तेजोमेघावर पडू देऊ नका, नाहीतर तेजोमेघच वजा होतो
- प्लेट सॉल्व्ह करून ताऱ्यांच्या मोजलेल्या रंगांवरून रंग जुळवा
- मग स्ट्रेच, थोडं थोडं करत. ताऱ्यांचे रंग टिकवायला आर्कसाइनएच स्ट्रेच बरा
- शेवटी रंगाची गडदी आणि गोंगाट कमी करणं

पहिली तीन कामं स्ट्रेचच्या आधीच करायची. आकाश पूर्ण काळं करायचा मोह होतो. हिस्टोग्रामची डावी बाजू कापली की दीर्घिकेच्या बाहेरच्या फिकट भुजा त्यातच जातात.

११. तारे बघून दोष ओळखा

फ्रेम १०० टक्क्यांवर. आधी मधोमध, मग चारही कोपरे.

सगळ्या फ्रेमभर तारे एकाच दिशेने लांबट: माउंटचं काम. दिशा कुठली ते शोधा. एक ३० सेकंदांचं एक्स्पोजर चालू करून रिमोटने दुर्बीण पूर्व-पश्चिम संथपणे सरकवा. जी रेघ उमटेल ती पूर्व-पश्चिम अक्षाची दिशा. तारे तिच्या दिशेने लांब असतील तर गिअरची चूक, तोल किंवा वारा. तिच्या काटकोनात असतील तर ध्रुवाशी जुळवणी.

गायडिंगचा आलेख सपाट आणि तारे तरीही लांबट: गायड दुर्बीण आणि मुख्य दुर्बीण यांच्यात काहीतरी वाकतंय. गायडची पकड, फोकसरचा स्क्रू, लोंबणारी केबल या क्रमाने तपासा. लांब फोकल लेंथला मुख्य दुर्बिणीतूनच तारा घेणारा ऑफ-ॲक्सिस गायडर हाच खात्रीचा इलाज.

मधले गोल, चारही कोपऱ्यांतले बिघडलेले: फ्लॅटनर (कोपऱ्यांपर्यंत फोकस सारखा ठेवणारं भिंग) आणि सेन्सर यांतलं अंतर चुकलंय. बहुतेक फ्लॅटनरना ५५ मिमी लागतात. कोपऱ्यातले तारे मध्यापासून बाहेर ओढल्यासारखे दिसले तर सेन्सर बहुधा जास्त जवळ आहे, मध्याभोवती गोल फिरल्यासारखे दिसले तर जास्त लांब. अर्ध्या मिलिमीटरच्या चकत्या घालून बघत जा. न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीत कोपऱ्यांत छोट्या शेपट्या येतात, तो कोमा. त्याला कोमा करेक्टर हवा.

एकच कोपरा किंवा एकच बाजू खराब: सेन्सर तिरका बसलाय. कॅमेरा ९० अंश फिरवून पुन्हा फोटो घ्या. फोटोतली खराब बाजू तीच राहिली तर दोष कॅमेऱ्यात, ती बदलली तर दुर्बिणीत किंवा फोकसरमध्ये.

सगळे तारे एका बिंदूभोवती वळलेले: जुळवणी फारच चुकली आहे, किंवा माउंट इक्वेटोरियल नाही.

प्रत्येक तारा जोडीने: एक्स्पोजरच्या मध्येच धक्का. केबल अडकली, कोणी चाललं, किंवा गिअरमधली ढिलाई. एखाद्याच फ्रेममध्ये असेल तर सोडून द्या.

त्रिकोणी तारे: थंडीत काच किंवा आरसा चिमटला जातोय. आरशाच्या पकडी किंचित सैल करा. लेन्सची चौकट स्वतः उघडू नका.

फुगलेले, मऊ तारे: यात तीन-चार संशयित आहेत आणि ते वेगळे करायला फ्रेम वेळेच्या क्रमाने पाहाव्या लागतात. रात्रभर हळूहळू फुगत गेले तर तापमानामुळे फोकस सरकला. फुगताना उजळ ताऱ्यांभोवती धुरकट वलय येत गेलं आणि फिकट तारे कमी होत गेले तर दव. वलय आलं आणि थोड्या वेळाने आपोआप गेलं तर विरळ ढग. पहिल्या फ्रेमपासून सगळे सारखेच फुगलेले आणि गायडिंगचा आलेखही उड्या मारतोय तर हवा अस्थिर आहे. त्या रात्री छोटी लेन्स लावा.

१२. पार्श्वभूमीचे दोष

पाऊस तिरका पडल्यासारख्या रेघा सगळ्या चित्रभर: डिथरिंग नव्हतं. खराब पिक्सेल फ्रेमगणिक एकाच दिशेने सरकत गेले. सॉफ्टवेअरने हे नीट निघत नाही, पुढच्या वेळी डिथरिंगच.

डार्क वजा करूनही कडेला उजळ झाक: काही सेन्सरना कोपऱ्यात चमक असते. वेळ, गेन (खगोल कॅमेऱ्यातला आयएसओसारखा आकडा) आणि तापमान तंतोतंत जुळणारे डार्क असतील तरच ती जाते. स्टॅकिंगमधलं डार्क आपोआप कमीजास्त करणारं ‘ऑप्टिमायझेशन’ अशा वेळी बंद करा.

फ्लॅट लावल्यावर कोपरे उलट उजळले: बायस वजा झालेला नाही, किंवा डोळ्यांना न दिसणारा उजेड नळीत शिरतोय. न्यूटोनियनच्या मागच्या टोकाला झाकण घालून आणि व्ह्यूफाइंडर झाकून डार्क पुन्हा काढून बघा. काही सीमॉस सेन्सरमध्ये अतिलहान वेळेचे बायस विश्वासाचे नसतात. तिथे बायसऐवजी फ्लॅटच्याच वेळेचे, झाकण लावलेले डार्क-फ्लॅट घ्या.

धुळीचा गोल गेला, पण शेजारी तसाच उजळ गोल उमटला: फ्लॅट आणि फोटो यांच्यामध्ये कॅमेरा हलला किंवा धूळ सरकली. तेवढे फ्लॅट निकामी. कॅमेरा दुर्बिणीवरून अजून काढला नसेल तर लगेच नवे काढा. नवे फ्लॅट निदान धूळ सरकल्यानंतरच्या फ्रेमना लागू पडतात. आधीच्या फ्रेम वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्यांचं कॅलिब्रेशन स्वतंत्र करा आणि मग दोन्ही संच एकत्र स्टॅक करा.